नागमोडी रेघ आणि मात्रा : उलगडलेल्या कॉर्डविषयी काही विचार

पियानोच्या छापील स्वरलिपीत काही ठिकाणी कॉर्डच्या डाव्या बाजूला एक उभी नागमोडी रेघ असते. तिचा अर्थ पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. कॉर्डमधले स्वर एकदम न दाबता खालून वर, भरभर, एकामागून एक वाजवायचे आणि सगळे धरून ठेवायचे. इटालियन भाषेत हार्प या वाद्याला आर्पा म्हणतात. त्या वाद्यासारखे वाजवणे म्हणून या क्रियेला आर्पेजिओ हे नाव पडले. आपण तिला उलगडलेली कॉर्ड म्हणू. घडी घातलेले वस्त्र उलगडावे तसे तिच्यातले स्वर एकेक करून समोर येतात.

एवढे सांगून ती रेघ गप्प बसते. चार-पाच स्वर एकामागून एक वाजणार असतील, तर त्यांतला नेमका कोणता स्वर मात्रेवर पडायचा? पहिला, म्हणजे तळाचा? की शेवटचा, म्हणजे बहुधा ज्यात चाल असते तो सर्वांत वरचा? आणि दोन्ही हातांत अशी कॉर्ड असेल, तर दोन्ही हातांनी एकदमच निघायचे, की डाव्याने आपला प्रवास पुरा करून उजव्याच्या हाती तो सोपवायचा? अवघड रचनांत या प्रश्नांची उत्तरे दर दोन ओळींनी बदलतात. आमच्या मते पियानोच्या शिक्षणात यांच्याइतके महत्त्वाचे आणि यांच्याइतके दुर्लक्षित प्रश्न थोडेच असतील.

मराठी त्रैमासिकाच्या वाचकांना या चर्चेचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की हे वाद्य आपल्या परिसराला मुळीच परके राहिलेले नाही. सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या निवासी शाळांत पियानोचे शिक्षण कित्येक पिढ्या चालत आले आहे. पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजलेला गायक तेथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकत असतानाच पियानो शिकला. १९७५ साली निघालेल्या त्याच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गीतात पियानो वाजवताना त्याचा डावा हात उजव्यावरून पलीकडे जातो आणि वरचे स्वर वाजवून परत येतो. दोन हातांच्या वेळा जुळवण्याचा विचार पाचगणीच्या डोंगरावर शिकलेल्या एका मुलाने जगापुढे नेला, असे म्हणायला हरकत नाही. आज आपल्या अनेक कुटुंबांत विजेवर चालणारा कीबोर्ड आहे, मुले परीक्षांना बसतात आणि त्यांतलीच काही मुले रविवारी मिस्साच्या वेळी गायकवृंदाला साथ करतात. म्हणून हा विषय केवळ मोठ्या शहरांतल्या सभागृहांचा नाही.

प्रथम त्या खुणेकडे नीट पाहू. दोन्ही हातांच्या ओळींतून सलग एकच नागमोडी रेघ गेली असेल, तर डाव्या हाताच्या तळापासून उजव्याच्या माथ्यापर्यंत एकच प्रवास करायचा, असा सर्वमान्य संकेत आहे. प्रत्येक हाताला वेगळी रेघ असेल, तर दोन्ही हातांनी एकदम निघायचे आणि एकदम पोहोचायचे. संकेत इतका सोपा आहे. पण जुने मुद्रक, नकलनवीस आणि संपादक तो नेहमीच काटेकोर पाळत आले असे नाही. त्यामुळे रेघ सलग आहे की तुटक, एवढ्यावरच निर्णय सोपवून विद्यार्थ्याला मोकळे होता येत नाही. आणि मात्रेचा प्रश्न तर रेघ सलग असो वा तुटक, दोन्ही बाबतींत तसाच उरतो.

या बाबतीत जुन्या आचार्यांचे एकमत नव्हते, हे ध्यानात घ्यावे. शोपँच्या शिष्यांनी वापरलेल्या काही छापील प्रती आजही उपलब्ध आहेत. त्यांत त्याने पेन्सिलने बारीक रेघा ओढून उलगडीचा पहिला स्वर खालच्या खर्जाशी जोडून दाखवला आहे. म्हणजे पहिला स्वर खर्जाबरोबर, मात्रेवर. चालीचा स्वर त्यानंतर. डावा हात हा वाद्यवृंदाच्या संचालकासारखा असावा, त्याने लय सोडू नये, असे तो शिष्यांना सांगत असे. याच काळातला दुसरा मोठा वादक थालबेर्ग याने १८५३ साली पियानोवर गाण्याची कला शिकवणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत चालीचा स्वर खर्जामागून फार उशिराने आणण्याच्या सवयीला हास्यास्पद व अभिरुचीहीन ठरवले. पुढे लेशेटिट्स्की या विख्यात गुरूच्या पद्धतीचे जे पुस्तक १९०२ साली निघाले, त्यात मात्र खर्ज आणि चालीचा स्वर नेहमी अगदी एकदम न आणता चालीचा स्वर क्षणभर मागून आणावा, असे सांगितलेले दिसते. तेव्हा एका शतकात तीन मोठी माणसे तीन बाजूंनी बोलत होती.

प्रत्यक्षात काय चालत होते, त्याचाही पुरावा आपल्याजवळ आहे. १९०४ सालापासून वेल्टे-मिन्योन या यंत्राच्या कागदी पट्ट्यांवर वादकांचे वादन टिपले जाऊ लागले. १८२४ साली जन्मलेल्या कार्ल राइनेके याच्यासारख्या वृद्ध वादकाचे वादनही त्यांत सापडते. त्या पट्ट्या आणि त्यानंतरच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या म्हणजे आजच्या कानाला आश्चर्य वाटते. जेथे नागमोडी रेघ छापलेलीच नाही, तेथेही हे वादक कॉर्ड उलगडतात आणि डावा हात उजव्याच्या आधी सर्रास येतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही रीत मागे पडली. दोन्ही हात काटेकोरपणे एकदम आणणे हेच शिस्तीचे लक्षण ठरले. आमच्या मते या बदलात जसा लाभ झाला तसा तोटाही झाला. सैल, आळशी उलगड बंद झाली, हा लाभ. उलगड म्हणजे काय आणि ती कशासाठी, हा विचारच शिकवण्यातून गळाला, हा तोटा.

मुळात 'अगदी एकदम' ही गोष्टही पियानोवर आपण समजतो तितकी निखळ नसते. वरचा स्वर उठून दिसावा म्हणून वादक ते बोट थोडे जोराने दाबतो. जोराने दाबलेल्या पट्टीचा हातोडा तारेपर्यंत लवकर पोहोचतो. त्यामुळे चालीचा स्वर बाकीच्या स्वरांपेक्षा सुमारे तीन शतांश सेकंद आधी वाजतो, असे मोजमापांत आढळले आहे. वादकाला हे जाणवतही नाही. कानाला तो फरक वेळेचा न वाटता उठावाचा वाटतो. तेव्हा स्वरांच्या वेळा थोड्या मागेपुढे होणे हे या वाद्याच्या स्वभावातच आहे. उलगड ही त्याच गोष्टीची जाणीवपूर्वक केलेली, मोठी आवृत्ती आहे.

आता एक अवघड उदाहरण घेऊ. शोपँच्या दहाव्या कृतिक्रमांकातील बारा अभ्यासिका १८३३ साली प्रसिद्ध झाल्या आणि त्या लिस्टला अर्पण केलेल्या आहेत. त्यांतील अकरावी अभ्यासिका जवळजवळ आरंभापासून अखेरपर्यंत दोन्ही हातांच्या उलगडलेल्या कॉर्डनीच रचलेली आहे. कॉर्ड इतक्या रुंद आहेत की सामान्य हाताला त्या एकदम पकडताच येत नाहीत. चाल सर्वांत वर, म्हणजे उजव्या हाताच्या दुबळ्या करंगळीकडे आहे. छापलेली गती मिनिटाला ७६ मात्रांची आहे, म्हणजे एका मात्रेला सुमारे आठ दशांश सेकंद मिळतात.

येथे थोडे गणित करून पाहावे. समजा, एका कॉर्डमध्ये दोन्ही हातांचे मिळून आठ स्वर आहेत आणि एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंत पाच शतांश सेकंद लागतात. तळापासून माथ्यापर्यंत सलग उलगडले तर मध्ये सात अंतरे पडतात. म्हणजे पस्तीस शतांश सेकंद. मात्रेचा जवळजवळ निम्मा भाग एकाच कॉर्डच्या उलगडीत गेला. चाल एवढ्या उशिरा पोहोचू लागली, की ऐकणाऱ्याला मात्रा नेमकी कोठे आहे तेच कळेनासे होते. तेच आठ स्वर दोन्ही हातांनी एकदम निघून वाजवले, तर प्रत्येक हाताला तीनच अंतरे, म्हणजे पंधरा शतांश सेकंद. येथे चाल मात्रेच्या आसपास राहते. याचा अर्थ सलग उलगड चुकीची असा नव्हे. ती करायची असेल तर बोटे दुपटीहून अधिक चपळ हवीत, किंवा उलगडीचा आरंभ मात्रेच्या आधी नेला पाहिजे. वादकाने यांतला कोणताही मार्ग घ्यावा. पण आपण कोणता मार्ग घेतला आहे ते त्याला ठाऊक असावे. पुष्कळांचे वादन ऐकताना असे वाटते, की पहिल्या ओळीत एक मार्ग, दुसरीत दुसरा आणि अवघड वळण आले की तिसराच. या अभ्यासिकेत चाल गाऊ लागते ती उलगडीची रीत एकसारखी ठेवली तरच. रीत एकसारखी असली म्हणजे कान ती चार-सहा कॉर्डमध्ये आत्मसात करतो आणि मग उलगड विसरून चालीकडे वळतो.

उलगडीचा आरंभ मात्रेच्या आधी नेला म्हणजे दुसरी अडचण उभी राहते, ती पायाची. पियानोच्या उजव्या पेडलने सर्व तारा मोकळ्या राहतात. रुंद कॉर्डमध्ये डावा हात तळाचा स्वर वाजवून लगेच वर सरकतो. तो स्वर टिकवायचा तर त्या क्षणी पेडल दाबलेले असलेच पाहिजे. पण मागच्या कॉर्डचा नादही त्याच पेडलने धरलेला असतो. म्हणून पेडल सोडून पुन्हा दाबण्याचा क्षण मात्रेशी बांधता येत नाही. तो खर्जाशी बांधावा लागतो. खर्ज मात्रेच्या आधी आला तर पायही मात्रेच्या आधी हलला पाहिजे. सवयीने मात्रेवरच पाय आपटणारा विद्यार्थी दोहोंपैकी एक चूक करतो. एक तर पेडल उशिरा दाबल्यामुळे खर्ज निसटतो आणि कॉर्ड पाया नसलेल्या घरासारखी उभी राहते; नाहीतर मागचा नाद पुढच्यात मिसळून गढूळपणा येतो. शिक्षक हाताकडे पाहत असतो आणि दोष पायात असतो.

हाताच्या मापाचा प्रश्नही येथे येतो. पियानोची पांढरी पट्टी सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद असते. पहिल्या पट्टीच्या मध्यापासून दहाव्या पट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणूनच सुमारे २१ सेंटिमीटर भरते. रॅखमॅनिनॉफचा हात विलक्षण मोठा होता. १९०१ साली प्रथम संपूर्णपणे सादर झालेल्या त्याच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोचा आरंभ एकट्या पियानोच्या कॉर्डनी होतो. अगदी हळू आवाजात सुरू होऊन त्या घंटेच्या नादासारख्या वाढत जातात आणि प्रत्येक कॉर्डनंतर तळाचा एक खोल स्वर वाजतो. पहिल्याच कॉर्डमध्ये डाव्या हाताला दहा पट्ट्यांचा पल्ला आहे. ज्यांचा हात तेथवर पोहोचत नाही असे अनेक नामवंत वादकही ही कॉर्ड उलगडतात, आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

तरीही उलगड आणि उलगड यांत फरक आहे. डावा हात मात्रेवर निघाला आणि वरचे स्वर मागून आले, तर प्रत्येक ठोका अडखळल्यासारखा होतो. घंटा वाजण्याऐवजी जिन्यावरून भांडे गडगडत आल्याचा भास होतो. तळाचा स्वर निमिषभर आधी घेऊन बाकी सर्व स्वर मात्रेवर एकत्र आणले, तर ठोका अखंड राहतो. येथे गती संथ आहे, ठोक्यांतील समान अंतर हाच या आरंभाचा प्राण आहे, आणि म्हणून माथ्याने मात्रा धरली पाहिजे. शोपँच्या एखाद्या निशागीतात मात्र डावा हात स्थिर लय चालवत असतो. तेथे उजव्या हाताची उलगड खर्जाबरोबर सुरू होऊन चालीचा स्वर किंचित मागून आला तर तो उसासा वाटतो, अडखळ वाटत नाही. कारण तेथे मात्रा डाव्या हाताने आधीच राखलेली असते. एकाच खुणेला दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळतात, ती या कारणाने.

लहान हाताच्या मुलांच्या बाबतीत आम्हांला आणखी एक सांगावेसे वाटते. जेथे पल्ला पुरत नाही तेथे हात ताणून मोठा करण्याचा हट्ट धरू नये. शूमानने तरुणपणी बोटांना बळ आणण्यासाठी यांत्रिक साधन वापरले, आणि उजव्या हाताला कायमची इजा होऊन वादक होण्याचे त्याचे स्वप्न संपले. त्या इजेमागे हे साधन हे एक कारण मानले जाते. योसेफ होफमानसारख्या थोर वादकाचे हात लहान होते, म्हणून त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचा पियानो तयार करण्यात आला. मोठ्यांनी आपल्या मर्यादेला वाट काढून दिली; आपण मुलांच्या मर्यादेला शिक्षा का द्यावी? उलगड ही त्यांची हक्काची वाट आहे. ती नीट शिकवणे एवढेच आपले काम.

आता आपल्या भूमीकडे वळू. स्वर नेमका कोठे असावा हा वाद आपल्याकडे पूर्वी झालेला आहे, तोही पट्ट्यांच्या वाद्यावरूनच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास करून १९१० साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साह्याने श्रुती दाखवणारी खास पेटी लंडनमध्ये तयार करवून घेण्यात आली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या पेटीवरून मोठी चर्चा झाली आणि तिच्यावर टीकाही झाली. तो सारा वाद स्वराच्या उंचीचा होता. स्वर काळात कोठे उभा राहतो, हा प्रश्न त्या वेळी पेटीला कोणी विचारला नाही, कारण आपल्या संगीतात एका वेळी एकच स्वर चालत असतो आणि ताल सांभाळायला तबला असतो. कॉर्ड आली तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे आला.

तथापि उलगडलेला नाद आपल्या कानांना अपरिचित आहे असे मात्र नाही. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेचे तंबोरे देशभर जातात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात हा व्यवसाय उभारला, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या चार तारा म्हणजे एका अर्थी अखंड चाललेली उलगडच आहे. पहिली पंचमाची, मग जोडाच्या दोन, आणि शेवटी खर्ज. प्रत्येक तारेचा नाद विरण्यापूर्वी पुढची छेडली जाते आणि चार तारांचा मिळून एक सलग नाद होतो.

येथे दोन भेद लक्षात ठेवावे लागतात. तंबोऱ्यात खर्ज शेवटी येतो, पियानोवर तो बहुधा आधी येतो. आणि तंबोरा तालाशी बांधलेला नसतो. तबल्याच्या मात्रांवर तारा छेडू नयेत, असेच शिष्याला शिकवतात. म्हणून तंबोऱ्याची उलगड पियानोवर जशीच्या तशी आणता येणार नाही. तरीही दोन गुण तेथून घेण्यासारखे आहेत. पहिला सारखेपणा : एका छेडीपासून दुसऱ्या छेडीपर्यंतचे अंतर आणि दाब यांत खळगा पडू न देणे. दुसरा ऐकणे : आधीचा नाद कोठवर आला आहे ते ऐकून मगच पुढचा स्वर त्यात सोडणे. मिरजेच्या मुलाचा कान या बाबतीत युरोपातल्या मुलाच्या कानाहून अधिक तयार असण्याचा संभव आहे. शिक्षकाने त्या कानाला हाक मारली पाहिजे, एवढेच.

शिकवण्याच्या रूढ पद्धतीवर आमचा आक्षेप आहे तो येथेच. परीक्षेच्या तयारीत नागमोडी रेघ दिसली की बोटे खालून वर पळवायची, असे शिकवले जाते. ती कोठून निघाली आणि कोठे पोहोचली, हे विचारले जात नाही. मुलगा एक युक्ती शिकतो आणि सर्वत्र तीच वापरतो. याऐवजी आम्ही असे सुचवू, की प्रथम कॉर्डमधला फक्त मात्रेचा स्वर निवडावा आणि संपूर्ण ओळ तेवढ्याच स्वरांनी, मात्रा मोजत वाजवावी. ती सरळ चालू लागली म्हणजे तळाचा स्वर आणि त्याबरोबर पेडल जोडावे. मधले स्वर सर्वांत शेवटी भरावे. मधले स्वर हे पाहुणे आहेत. घर उभे राहण्यापूर्वी त्यांना बोलावू नये. प्रत्येक हात वेगळा पक्का झाल्याखेरीज दोन्ही हात जुळवू नयेत, आणि जुळवताना मोठ्याने मात्रा म्हणावी. बोटे लबाडी करतात, पण तोंडाने म्हटलेली मात्रा सहसा करत नाही.

या चर्चेचा सर्वांत निकटचा संबंध आपल्या रविवारच्या गायनाशी आहे. लहान धर्मग्रामात पन्नास-साठ भाविक गात असतात आणि साथीला एक तरुण कीबोर्डवर बसलेला असतो. प्रत्येक ओळीच्या आरंभी तो हौसेने कॉर्ड उलगडतो. उलगड मात्रेवर सुरू होते, म्हणून चालीचा स्वर थोडा उशिरा येतो. लोक ज्या स्वराची वाट पाहतात तो चालीचा असतो. तो ऐकल्यावर ते गातात, म्हणजे तेही उशिरा गातात. वाजवणारा त्यांच्यासाठी थांबतो आणि पुढची ओळ आणखी उशिरा निघते. चौथ्या कडव्यापर्यंत गीत इतके मंदावते की वयस्कर मंडळींना एका श्वासात ओळ पुरी करता येत नाही आणि ती गाणे सोडून देतात. वाजवणाऱ्याला वाटते लोक रेंगाळतात. लोकांना वाटते वाजवणारा रेंगाळतो. दोघेही एकमेकांची वाट पाहत असतात.

दुसरा दोष वाद्याच्या जातीचा आहे. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो. म्हणून उलगडीत शेवटचा स्वर वाजेपर्यंत पहिले स्वर थोडे मावळलेले असतात आणि शेवटचा आपोआप उठून दिसतो. पायपेटीचा किंवा कीबोर्डवरच्या ऑर्गनच्या आवाजाचा स्वर असा विरत नाही. पट्टी धरली आहे तोवर तो त्याच जोराने राहतो. तेथे उलगड केली तर स्वरांचा नुसता ढीग साचतो आणि चाल त्यात बुडते. ऑर्गनच्या आवाजात कॉर्ड एकदम आणि स्वच्छ दाबावी. पियानोच्या आवाजात, गीत सुरू होण्यापूर्वीच्या वादनात किंवा दोन कडव्यांच्या मधल्या जागेत, खुशाल उलगडावी. लोक गात असताना उलगडायचीच असेल तर माथ्याचा स्वर मात्रेवर आणावा. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयी जो दस्तऐवज मान्य केला, त्यात ऑर्गनला मानाचे स्थान देऊन इतर वाद्येही उपासनेस योग्य ठरतील तर स्वीकारता येतील असे सांगितले आहे, आणि भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला आहे. साथीमुळे भाविकांचे गाणे थांबत असेल, तर ती साथ कितीही सुंदर असली तरी तेथे योग्य म्हणता येणार नाही.

एवढ्या विवेचनानंतर आमचा निष्कर्ष थोडक्यात मांडता येईल. 'उलगड नेहमी मात्रेवर सुरू करा' आणि 'उलगड नेहमी मात्रेवर संपवा' हे दोन्ही नियम अपुरे आहेत. प्रत्येक उलगडलेल्या कॉर्डपाशी तीन गोष्टी तपासाव्यात. या क्षणी मात्रा कोण राखतो आहे : डावा हात, चाल, वाद्यवृंद की गाणारे लोक? तळाचा स्वर पेडलमध्ये सापडतो आहे का? आणि वाद्याचा नाद विरणारा आहे की टिकणारा? दुसऱ्या कोणी मात्रा राखलेली असेल, तर चालीला थोडे मागून येण्याची मोकळीक आहे. चालीनेच मात्रा राखायची असेल, तर बाकीच्या स्वरांनी आधी निघून तिच्यासाठी वाट मोकळी करावी. एकदा ठरले की ती रीत ओळ संपेपर्यंत बदलू नये.

पालकांना आमची एक सूचना आहे. घरात मुलगा किंवा मुलगी वाजवत असेल, तेव्हा किती भरभर वाजवले याचे कौतुक करण्याआधी टेबलावर हलकेच मात्रा धरून पाहावी. ती हातांशी जुळत राहिली, तर शिक्षण योग्य मार्गाने चालले आहे असे समजावे. नाही जुळली, तर कोणता स्वर मात्रेवर आणायचा ठरवला आहेस, एवढेच विचारावे. हा प्रश्न विचारायला पालकांना पियानो यावा लागत नाही, आणि त्याचे उत्तर शोधताना मूल पुन्हा एकदा, सावकाश, ऐकत ऐकत वाजवू लागते.